अब्बांच्या राजाची उडी

आपा, ढाणकीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा अब्बांनी माझी बॅग आत ठेवली, खिडकीची काच सरकते का ते दोनदा पाहिलं आणि माझ्याकडे न बघताच खाली उतरले. मी ढसाढसा रडले. घर सुटतंय म्हणून रडते, असं तुम्हा सगळ्यांना वाटलं. मीही ते वाटू दिलं.

खरं कारण आज लिहिते.

कापसाचे ते वाईट दिवस. कापूसच येईना, म्हणून जिनिंग बंद, आणि तिथले फिटर म्हणून अब्बाही घरी. दिवसभर ओसरीवर शतरंज. गावात त्यांना हरवणारा कुणी नव्हता. मी तेव्हा कंप्युटर क्लासला जायचे. सरांनी एका फ्लॉपीवर बुद्धिबळाचा गेम आणला होता. काळा पडदा, हिरव्या रेघांचे घोडे-उंट, चाल टाईप करून सांगायची. अख्खा क्लास त्याच्यापुढे हरला. मग मीच फुशारकी मारली, माझ्या अब्बांना आणते.

अब्बा इस्त्रीचा सदरा घालून आले. ते चाल सांगायचे, मी टाईप करायचे. मशीननं पहिलंच प्यादं दोन घरं पुढे टाकलं. आपल्याकडे प्यादं एकच घर चालतं. अब्बा हसले. "असन त्याच्या इकडं तसं. चालू द्या."

तासाभरानं मशीनचा वजीर जवळ आला. शह लागायच्या आधी अब्बांनी राजाची उडी सांगितली, घोड्यासारखी अडीच घरं. आपल्याकडे डावात एकदा ती राजाला असतेच. तू-मी खेळताना तीच तर राखून ठेवायचो. मी टाईप केली. बीप. पुन्हा केली. पुन्हा बीप.

"काहून बोंबलून राह्यला हा?" अब्बा सरांना म्हणाले. "राजाले एक उडी अस्ते. सांगा त्याले."

सगळे खिदळले. सर माझ्याकडे वळले. "काय गं, असते का अशी चाल?"

पुण्यातल्या मित्राच्या ऑफिसात सर नोकरीला एकालाच पाठवणार होते, आणि नाव त्याच आठवड्यात ठरणार होतं. मला गावंढळ दिसायचं नव्हतं.

"नाही सर," मी म्हणाले. "अशी चाल नसतेच."

अब्बांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि उठले. "बरोबर असन मास्तर. पोरगी शिकलेली हाये."

नाव माझंच लागलं.

आता मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. मशीननं माणसाला चूक ठरवलं तर चूक नेमकी कुणाची, हे शोधायचा मला पगार मिळतो. टीममध्ये म्हणतात, ही युजरची बाजू फार घेते. आग लागो त्या शहाणपणाला.

गेल्या ईदला घरी आले तेव्हा अब्बा शेजारच्या रहीमचाचांशी खेळत होते. चाचांच्या राजानं उडी मारली तसे अब्बा "अबे चोट्ट्या!" म्हणून ओरडले, हसता हसता त्यांना ठसका लागला. चाचांना घरून हाक आली, मी त्यांच्या जागी बसले. नवा डाव मांडला. मी मुद्दाम प्यादं एकच घर सरकवलं. माफी मागायला मला दुसरे शब्द सापडले नव्हते.

अब्बांनी ते उचलून आणखी एक घर पुढे ठेवलं. "तेरा कायदा ऐसा है ना, बेटा? आराम से खेल."

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. व्याह्यांशी बोलावं तसे जपून बोलले. रागावले असते तर मी पाय धरले असते.

आपा, अब्बा ज्याला चोट्ट्या म्हणून ओरडतात, त्याचंच ते घर. मला त्यांनी, पाहुणीला द्यावा तसा, तो डाव जिंकू दिला.