शिवलेली पानं

गल्लीतल्या बायका तिला टाचणी म्हणत. अंगकाठी तशीच आणि जीभही तशीच, त्यामुळे नावात खोटं काही नव्हतं. नवरा परगावी नोकरीला. घरात सासू, चौथीतली मुलगी आणि शिलाई मशीन. मुलीला गोष्टींच्या पुस्तकांचं वेड. ताट समोर निवून जायचं, हाक ऐकू यायची नाही, आणि गणितात भोपळा.

पोरीने शिकून मोठं व्हावं, आपल्यासारखे सुईत डोळे फोडू नयेत, एवढंच टाचणीला हवं होतं. म्हणून तिने अक्कल लढवली. पोरीने शाळेतून आणलेल्या पुस्तकाची शेवटची पानं मशीनखाली धरली आणि कडेने सरळ टीप मारली.

"सगळी गणितं बरोबर आली की उसवीन."

"अगं, पुस्तक शिवतेस?" सासू ओरडली. "उद्या पोरीच्या ताटावरही टीप मारशील!"

"तुम्ही मध्ये पडू नका हो. लेकाला लाडावलंत, ते निस्तरतेय अजून मी."

पोर रडली, रडत रडत गणितं केली, पानं उसवून मिळाली. झालं! टाचणीला चटकच लागली. मग भांडी घासली नाहीत म्हणून टीप, पाढा चुकला म्हणून टीप, उलट बोलली म्हणून दुहेरी टीप. पानांना पडलेली भोकं पाहून वर्गाच्या बाईंनी टाचणीला बोलावून घेतलं.

"अहो, मजेसाठी वाचू द्या ना तिला."

"मजेसाठीच वाचते. मजा फुकट मिळत नाही, एवढंच शिकवतेय."

परीक्षेत मुलगी गणितात पहिली आली. टाचणीने खूश होऊन तिला नवंकोरं पुस्तक आणलं. पोरीने ते न उघडताच मशीनवर ठेवलं.

"शिवून टाक."

"हे नाही शिवायचं, वेडे. बक्षीस आहे."

"बरं."

पुस्तक तिथेच पडून राहिलं. त्याच्यावर चिंध्या साचल्या.

"वाचत का नाहीस गं?"

"कशाला? गणितं झाली की माझी."

एका संध्याकाळी गिऱ्हाइकाचे कपडे बाजूला सारून टाचणी चिंध्यांखालचं ते पुस्तक घेऊन पोरीशेजारी बसली आणि बोट ठेवून, अडखळत, मोठ्याने वाचू लागली. दुसऱ्या पानावर अडखळणं थांबलं. गोष्ट होतीच तशी.

"पुढे काय होईल, सांग बघू?"

पोरीने वहीतून मान वर केली नाही.

"आई, मनात वाच ना. माझी गणितं चुकतायत."