मधली होडी

निर्मळा कधी निरोप एकीलाच सांगायची नाय. पान्याचा टँकर येनार असला तरी मला सांगायची, नि पलीकडच्या घरातपन. मी बोलली, "माझ्यावर इश्वास नाय काय गो?"

"हाय मावशी. पन तू झोपलीस तर?"

आमच्या दांडी गावात ती शेजारची सून. लग्नाआधी बोईसरला कंपनीत कॉम्प्युटरच्या वायरी ओढायची. मला समजवायची, "सगळ्या वायरी एका डब्यात घातल्या, तर डबा बंद पडला की सगळे मुके. एकामागे एक जोडले, तर मधला गेला की पुढचे मुके. म्हनून दरेकाला दोन वाटा ठेवायच्या."

होड्यांचंपन ती तेच बोलायची. सगळ्यांचा भरवसा किनाऱ्यावरच्या एका वायरलेसवर. मासळी लागली की बाप्ये आपल्या होडीतला सेट बंद करायचे, दुसऱ्याला जागा कळू नये म्हनून. "जागा लपवा, पन सेट चालू ठेवा," ती सांगायची.

बाप्ये हसायचे, "आता सून आमाला दर्या शिकवनार!"

"दर्या नाय, बोलायला शिकवते."

एक दिवस वादळाचा फोन आला नि त्याच वाऱ्यात वायरलेसचा खांब आडवा झाला. चार होड्या बाहेर. माझा पोरगा हरेश सगळ्यात लांब, त्याच्याजवळ दोन होड्या, दोघींचे सेट बंद. मधे एकटी निर्मळाच्या नवऱ्याची होडी. निर्मळा खाडीत नांगरलेल्या होडीवर चढली. मीपन मागोमाग. तिथल्या लहान सेटवरनं आवाज पोचला तो फक्त तिच्या नवऱ्याला. त्यानं सेटवर हरेशला गाठलं. हरेश त्या दोघींजवळ जाऊन ओरडून सांगनार होता.

"मी वळतो," नवरा बोलला. "वारा चढतोय."

"नका वळू. तुमी हललात तर त्यांचा आवाज तुटेल. तिघी तुमच्या पुढं गेल्या की मग निघा."

तिनं सेट सोडला नाय. माझा पोरगा त्या आवाजाच्या भरवशावर होता.

तिघी आल्या. हरेशला भात वाढून मी परत किनाऱ्यावर गेली. निर्मळा गुडघाभर पान्यात उभी. मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली. लय वेळानं चौथी होडी दिसली. नवरा उतरला तशी ती बोलली, "उशीर केलात," नि मग रडली.

गेल्या साली ती आजारानं गेली. तवा होड्या बाहेरच होत्या. किनाऱ्यावरनं हरेशला निरोप गेला. त्यानं जवळच्या होडीला सांगितलं, तिनं पुढच्या दोघींना. दुपारपर्यंत सगळ्या किनाऱ्याला लागल्या. एकीचापन सेट बंद नव्हता.