घर सोडायचा मुहूर्त

घर भाड्यानं द्यायचं तर भाडेकरू पारखून घ्यावा, करार नोंदवावा, असं सगळे सांगतात. मी सगळं केलं. खालचा मजला जळकोटकडच्या एका कारकुनाला दिला आणि आम्ही नवरा-बायको वर राहिलो. माणूस सज्जन, भाडं वेळेवर. त्यामुळं भांडायलासुद्धा निमित्त मिळेना.

श्रावणात बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सोलापूरला झालं. जिना कायमचा टाळा, असं डॉक्टरांनी बजावलं. चौघांनी तिला खुर्चीत बसवून वर आणलं आणि ती वरच अडकली. भाजीवाल्याशी घासाघीस गॅलरीतून, शेजारणीशी गप्पा गॅलरीतून. मजले बदलू म्हटलं, तर कारकुनाच्या वडिलांना अर्धांगवायू, त्यांनाही जिना चढवत नाही.

"घर बघतो, गुरुजी. सोडतो," तो म्हणाला. तोवर पितृपक्ष, आमच्याकडचा पितरपाट, लागला. पितरपाटात कोण घर बदलतं? मग नवरात्र आलं, त्याच्या घरात घट बसले. घट उठले, तर देवी पौर्णिमेपर्यंत पलंगावर निद्रेला गेली. "आई झोपल्याली हाय अन् आमी सामान वाजवीत निघायचं?" तो हात जोडून म्हणाला. तुळजापुरात राहून याच्यावर मी काय बोलणार? दिवाळीनंतर तो खरंच वणवण फिरला, पण म्हाताऱ्याला चालेल असं तळमजल्याचं घर मिळेना. मग पौष उजाडला आणि बोलणंच खुंटलं.

वाईट म्हणजे हे सगळं नाकारायची मला सोय नव्हती. आमच्या घरात पंचांग पिढीजात. गल्लीत कुणी नवी गाडी घेतली तरी दिवस मला विचारतात. मीच लोकांना पौषात थांबवणार आणि माझ्या भाडेकरूला मात्र निघ म्हणणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. नुसता जळफळाट व्हायचा. कराराची मुदत तर कधीच उलटली होती.

पौष संपत आला आणि एका सकाळी तो धावत आला. घर मिळालं होतं, तळमजल्यावर. पण तिथल्या मालकाला घाई होती. उद्या या, नाहीतर दुसरा उभा आहे, म्हणाला होता.

"उद्या चालंल का, गुरुजी? तुमी म्हणाल तसं."

उद्या अमावास्या होती. मला ती पंचांग न उघडता ठाऊक होती. पौष सरला असं समजून त्यानं विचारलं होतं, म्हणजे त्याला ती ठाऊक नव्हती. मी अंगणात उभा राहून, डोळ्याला डोळा न भिडवता म्हणालो, "चालतंय की. चांगला दिवस आहे."

"अहो!" गॅलरीतून आवाज आला. "उद्या आवस हाय ना?"

तो माझ्याकडं बघत राहिला. "मग ऱ्हाऊ द्या, काकू," तो वर बघून म्हणाला. संध्याकाळपर्यंत ते घर दुसऱ्याला गेलं.

मी तावातावानं वर गेलो. इतके महिने ज्या बाईसाठी मी तगादा लावला, तिनंच सगळ्यावर पाणी ओतलं होतं. "तुला खाली जायचं आहे की न्हाय?" मी ओरडलो.

"लई जायचंय," ती म्हणाली. "रोज अंगण बघून जीव तुटतो माझा. पण त्या म्हाताऱ्याला आवसेला उचलून नेलं असतं, अन् काही बरंवाईट झालं असतं, तर खालच्या त्या खोलीत मला झोप लागली असती का?"

मग तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि ती रडायला लागली. तिचं बरोबर होतं, हे मला कळत होतं. तरी मला तिचाच राग आला, आणि अजूनही येतो. माघ निम्मा झालाय, ती वरच आहे.