वाराला कारण पाहिजे

तलवार वर गेली की मामा पुढे येऊन मनगटच धरायचे. "थांब. का मारतोयस ते आधी सांग."

समोरचा पोरगा गोंधळायचा. स्क्रिप्टमध्ये 'लढाई' एवढंच लिहिलेलं असायचं. लिहिणारा मीच, म्हणजे दोषही माझाच. आम्ही शिरूर-दौंडकडची चार-पाच हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी शॉर्टफिल्म करायचो आणि त्यातल्या तलवारीच्या लढाया मामा, म्हणजे आम्हा सगळ्यांचेच मामा, बसवून द्यायचे. मला ते दादा म्हणायचे. एरवी ते सणसवाडीला एका कंपनीत पॅकिंगला. लाठी-पट्टा गावच्या तालमीत शिकलेले. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे उगाच काही करायची सोय नसते.

एकदा आमच्या हिरोने वार करताना गर्रकन गिरकी घेतली.

"गोल का फिरलास?"

"स्टाईल, मामा."

"पाठ दावलीस तवाच मेलास. जा, त्या बांधाला जाऊन पड."

आणि चहा होईपर्यंत त्याला खरंच मढं होऊन पडायला लावलं.

दोन भावांच्या लढाईत मला दणादण वार हवे होते. मामा म्हणाले, "थोरला डाव्या खांद्यावर मारणार न्हाई. धाकट्याला लहानपणी तितं भाजलंय, आन् ह्यानंच फुंकर घातलीय." हे माझ्या कथेत कुठेच नव्हतं. वडगाव रासाईला नदीकाठी आम्ही ते तसंच घेतलं.

शेवटच्या फिल्मला म्हातारा किल्लेदार करणारा नट आयत्या वेळी आलाच नाही. मामा स्वतः उभे राहिले. समोर किल्लेदाराचा फितूर झालेला चेला. मामांनी तलवार उचलली आणि हात थरथरायला लागला.

त्यांचाच नियम, म्हणून मी चेष्टेने विचारलं, "मामा, हात का हालतोय?"

त्यांनी हाताकडे बघितलं. "ह्यानंच शिकवलाय त्याला. हालंल का न्हाई?"

वा! मी खूश. हातावर क्लोजअप लावला आणि सात टेक घेतले. सातव्याला तलवार हातातून सुटली, तोच ठेवला. दौंडला एका हॉलमध्ये फिल्म दाखवली तेव्हा त्या हाताला टाळ्या पडल्या. मामा मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते.

त्यानंतर कधीही फोन केला की "शिफ्ट हाय" म्हणायचे. पाच महिन्यांनी ते गेल्याचाच फोन आला. डोक्यात गाठ होती म्हणे.

मी घरी गेलो. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "शूटिंगच्या आधीपासनं त्यास्नी चहाचा कप धरवत नव्हता. मी म्हणलं, सांगा की त्यांना. तर म्हणं, न्हाई, दादा दुसरा माणूस बघतील."

मला ते सात टेक आठवले. रडू यायला हवं होतं, आलं नाही. अजूनही येत नाही. आत सगळं नुसतं बधिर झालंय.

"छे हो मामी, असं कसं," मी म्हणालो.

दुसरा माणूस बघितला असता. त्याच आठवड्यात.