अनवाणी राणीची गोष्ट

हौसा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बियाण्याच्या शेंगा फोडत होते. मुलगा दवाखान्यातून म्हणाला, "आई, चुलती गेली." हातातली शेंग फोडली, दाणे टोपलीत टाकले आणि मग उठले. महिना होत आला. मी रडले नाही. मला राग आलाय, तो अजून जात नाही.

हौसा माझी धाकटी जाऊ. पाथर्डीकडच्या आमच्या वस्तीवर आठ-दहा बायका शेंगा फोडायला बसल्या की गोष्ट तिनेच सांगायची. तिची एकच गोष्ट. राजा राणीला टाकून जातो. राणी नेम धरते, राजा येईपर्यंत पायात काही घालणार नाही. बारा वर्षं ती काट्याकुट्यातून चालते, रक्त सांडतं तिथं फुलं उगवतात आणि त्या फुलांच्या वाटेनं राजा परत येतो. काटे रुतल्याचं हौसा असं सांगायची की बायका आपले तळवे चाचपायच्या. खोटं कशाला बोलू, "काट्याचं पुन्हा सांग गं," असं मीच म्हणायचे.

तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, नागापूरला कारखान्यात कामाला गेला आणि तिथंच त्यानं दुसरं बिऱ्हाड केलं. त्या दिवसापासून हौसानं चपला सोडल्या. सगळ्या वस्तीनं तिचं कौतुक केलं. पुढं तिला साखर निघाली. डॉक्टरांनी बजावलं, पाय जपा. मी बाजारातून चपला आणल्या.

"घाल. बाभळीचं रान हाय हे."

"बाई, ती राणी बारा वरसं चालली."

"राणीला साखर नव्हती, हौसे!"

ती हसली. "तुमी लई वंगाळ बोलता." चपला तिनं माझ्या सुनेला देऊन टाकल्या.

मग काटा मोडला. बधिर पायाला तो कळलाही नाही. वास यायला लागला तेव्हा नगरला नेलं. पाय काढावा लागेल, सहीला नवऱ्याला बोलवा, डॉक्टर म्हणाले. दीर आला. कागदावर सही केली, खाटेजवळ जरा उभा राहिला, "बरी हो" म्हणाला आणि एसटी चुकेल म्हणून निघाला... हौसा तापात होती. तिनं माझा हात धरला. तोंड उजळलं होतं तिचं.

"बघा बाई, आले का न्हाई?"

तो कशाला आला होता ते माझ्या ओठावर होतं. मी जन्मात कधी तोंडदेखलं बोलले नाही. त्या दिवशी म्हणाले, "व्हय, आले." पाय काढल्यावर आठ दिवसांनी ती गेली.

परवा शेवटचं पोतं फोडायला बसलो. शेजारीण म्हणाली, "हौसाबाईची गोष्ट आता तुमीच सांगा." पाठच आहे मला. सांगितली... राणी निघाली, काटे रुतले. तिथं थांबले.

"पुढं?"

"पुढं पाय कापला," मी म्हणाले.

शेंगा फुटत राहिल्या. मग कोपऱ्यातली एक नवी सून, मान खाली घालूनच, हळूच म्हणाली, "पन राजा आला ना?"