दोन विती कमी

नांतकेलिनच्या मेलिरइतका उद्धट माणूस ग्वेंटच्या डोंगरात शोधून सापडायचा नाही, असं लोक म्हणतात, आणि लोक काही खोटं म्हणत नाहीत. आपल्याकडे पाहुणा आला की त्याचं हत्यार काढून घ्यायचं, पाय धुवायला पाणी पुढे करायचं, गरम कालवण वाढायचं. तीन रात्री त्याला तू कोण, कुठला, कशाला आलास, असलं काही विचारायचं नाही. पाहुण्यानंही विचारल्याशिवाय आपलं रडगाणं लावायचं नाही. चौथ्या सकाळी विचारा की खुशाल! आणि हा मेलिर? पाहुण्याचा पाय उंबऱ्याच्या बाहेरच असतो, तोवर हा सुरू. "नाव काय? कुठला? दोन्ही हात पसर बघू!"

हसता कसले? हसू नका. पूर्वी तो असा नव्हता. पूर्वी तो याच्याहून वाईट होता. तोंडानं चकार शब्द काढायचा नाही, आणि मनात शंभर शंका.

तसा हाताचा कसबी. एल्मच्या लाकडाचं धनुष्य करावं तर मेलिरनं. गिऱ्हाईक आलं की त्याला भिंतीला पाठ लावून उभं करायचा, दोन्ही हात पसरायला लावायचा, आणि एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत दोरी ताणून गाठ मारायचा. ती त्याची वाव. वाव जेवढी, धनुष्य तेवढं, म्हणजे साधारण माणसाच्या उंचीचं. "लांब धनुष्य चुका पोटात घालतं," तो म्हणायचा, "आखूड धनुष्य सासूसारखं. एक चूक केली की जन्मभर ऐकवतं."

त्या वर्षी खालच्या किल्ल्यातल्या परक्या सरदारानं दवंडी पिटवली होती. रान माझं, रानातलं हरीण माझं. चोरून हरीण मारील त्याचे डोळे जातील, आणि अशा चोराला धनुष्य करून देईल त्याचा उजवा अंगठा. आता अंगठा नसला तर कानस धरायची कशानं? मेलिरला दुसरं येत काय होतं? मेंढरं त्याला बघून पळायची. घरात खाणारी तो आणि बायको हुनिद, पण दोघांचं पोट त्या एका अंगठ्यावर. दवंडी ऐकल्यापासून तो बोलताना अंगठा मुठीत धरून बोलायचा.

आणि तशात हा पाहुणा आला.

हिवाळ्याच्या तोंडावर, दुपारच्याला. तिशीचा, रुंद खांद्यांचा. कमरेची सुरी काढून उजव्या हातानं हुनिदच्या हाती दिली, पाय धुवू दिले, म्हणजे मुक्काम ठरला. डावा हात मात्र झग्याच्या आत. जेवला तोही एकाच हातानं. भाकरी मोडायला दुसरा हात लागला, तर भाकरी गुडघ्यानं दाबून मोडली, पण हात बाहेर काढला नाही. मेलिरनं कालवणाच्या वाडग्यावरून ते टिपलं. आत काय धरलंय यानं?

जेवण झाल्यावर पाहुणा म्हणाला, "काका, धनुष्य हवंय. आखूड. माझ्या छातीपर्यंत येईल एवढं."

मेलिरनं अंगठा मुठीत घेतला. वावेपेक्षा दोन विती कमी! असलं धनुष्य कोण मागतं? झग्याखाली लपवायचं असतं तो. म्हणजे हरिणचोर. नाहीतर त्याहून वाईट, किल्ल्यावरून सोडलेलं आमिष. 'बघू हा म्हातारा देतो का,' म्हणून.

"माप तर घेऊ," मेलिर म्हणाला. "पसर हात."

पाहुण्यानं उजवा तेवढा पसरला. "इथून छातीच्या मध्यापर्यंत मोजा, आणि दुप्पट करा."

"दुसरा हात गहाण ठेवलायस का?"

पाहुणा हसला. कसंनुसं हसला, आणि कान लाल झाले. मेलिरनं मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं!

रात्री पाहुणा शेकोटीपाशी घोरायला लागला तशी त्यानं हुनिदच्या कानाशी तोंड नेलं. "किल्ल्याचा माणूस आहे हा."

"किल्ल्याचा माणूस मुकाट्यानं आपलं लीकच्या पातीचं कालवण खाईल?" हुनिद म्हणाली. "मांस मागितलं असतं मेल्यानं. ओढ्याकडे रानडुक्कर आलंय, त्याच्या मागावर असेल बिचारा."

"डुकराला लांब धनुष्यानं मारतात. माझा बाप मारायचा."

"तुझा बाप उघड्या माळावर मारायचा. दोन रात्री उरल्यात, मग विचार की तोंडानं."

"तोवर माझा अंगठा राहिला तर!"

दुसऱ्या दिवशी पाहुण्यानं विचारलं, "हॉलीच्या काटेरी जाळीतून ओढ्यावर वाट जाते ना, तिथं माणसांची ये-जा असते का?" झालं! मेलिरची खात्रीच पटली. तिथंच हरणं पाण्याला येतात. साक्षीदार नकोत म्हणून विचारतोय लेकाचा. रोगट माणसाला वैद्य दिसला की जशा साऱ्या कळा एकदम उठतात, तशा त्याच्या शंका उठल्या.

आता ऐका. मेलिरच्या आढ्यावर एक आखूड धनुष्य तयार होतं. दवंडीच्या आधी, जाळीत शिरून शिकार करणाऱ्या एकासाठी केलेलं, तो नेण्याआधीच तापानं गेला. दोन विती कमी, जाड कांबीचं, थोड्या ताणातही जोर देणारं. हात वर केला असता तर हाताला लागलं असतं. मेलिरनं ते वर नीट ढकललं, त्याच्यावर गवताची पेंढी टाकली, आणि एक अर्धवट झालेली लांब कांब घेऊन दिवसभर आणि रात्रभर घासत बसला. कशासाठी? तर तिसरी रात्र व्हायच्या आत हा माणूस घरातून जावा म्हणून. पुरुषभर उंचीचं धनुष्य दिलं की कुणी बोट ठेवू शकत नाही. ते झग्यात लपत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ते पाहुण्यापुढे धरलं. "घे. चांगलं आहे."

पाहुण्यानं टोकापासून टोकापर्यंत पाहिलं. चेहरा उतरला. "लांब आहे, काका."

"लांब धनुष्य चुका पोटात घालतं. माझं काम मला शिकवू नकोस."

यजमानानं दिलेल्या वस्तूला नावं ठेवायची नसतात. पाहुण्यानं मान डोलावली. "तुम्ही जाणकार." दोरी चढवूनसुद्धा पाहिली नाही त्यानं तिथं. मधाचं एक मडकं चौथऱ्यावर ठेवलं, सुरी परत घेतली आणि गेला. "आजची रात्र थांबला असतास तर बरं झालं असतं, बाळा," हुनिद म्हणाली. मेलिरनं दार लावून घेतलं आणि मूठ उघडली. तीन दिवसांत पहिल्यांदा अंगठ्याला वारा लागला.

संध्याकाळ व्हायच्या आधी मेंढपाळ कॅडेलनं त्याला खांद्यावर घालून, ते लांब धनुष्य हातात घेऊन, परत आणलं. "मेलिर, दार उघड! तुझा पाहुणा!"

झगा फाटला होता आणि डावा हात उघडा पडला होता. आत काही धरलेलं नव्हतं. कोपर वाकडं सांधलं होतं. तो हात सरळ होतच नव्हता, काटकोनाच्या पुढे जातच नव्हता. उजव्या हाताला कॅडेलनं आपला सदरा गुंडाळला होता आणि त्यातून रक्त गळत होतं.

"डुक्कर जाळीतून आलं," कॅडेल म्हणाला. "मी पलीकडच्या कड्यावरून बघत होतो. यानं धनुष्य उचललं, तर वरचं टोक हॉलीत अडकलं. ओढून काढलं, बाण सोडला, पण अर्ध्या ताणाचा बाण! डुकराच्या कातड्याला खाजवल्यासारखं झालं. मग ते अंगावर आलं. मी दगड मारून हाकललं, तोवर हात गेला होता."

हुनिदनं सदरा सोडला. उजव्या हाताचा अंगठा नव्हता.

मेलिरनं शेकोटीपाशी अंथरूण घातलं. तीन रात्री पाहुणा तापात होता, तीन रात्री मेलिर त्याच्या उशाशी होता. एकही प्रश्न विचारला नाही. रीत म्हणून? छे, उत्तर ऐकायचा धीरच झाला नाही. चौथ्या सकाळी पाहुण्यानं डोळे उघडले, तसं मेलिरला तोंड फुटलं.

"कोण रे तू?"

"गोरोन्वी. वरच्या खोऱ्यातला." आवाज अगदी साधा, पहिल्या दिवशीचाच. "गेल्या वर्षी त्याच डुकरानं माझा भाऊ मारला, माझं कोपर मोडलं. हात उघडत नाही, म्हणून ताण अर्धाच येतो. आणि जाळी दाट. म्हणून आखूड मागितलं होतं."

"सांगितलं का नाहीस, मेल्या? तोंड होतं ना?"

"तुम्ही विचारलं नाहीत." मग थोडं थांबून, "आणि वाकडा हात दाखवायची लाज वाटली. आईनं सांगितलं होतं, नांतकेलिनचा मेलिर नुसतं बघून ओळखतो कुणाला काय लागतं."

मेलिर उठला. आढ्यावरची पेंढी ओढून फेकली, ते आखूड धनुष्य खाली काढलं आणि गोरोन्वीच्या पांघरुणावर ठेवलं. गोरोन्वीनं मनगटानं ते छातीशी लावून पाहिलं. बरोबर छातीपर्यंत.

"हे होतं?"

"होतं."

त्यानं ओरडावं, शिव्या घालाव्यात, थुंकावं, असं मेलिरला वाटत होतं. तो काहीच करेना. महिन्यानं जखम भरली आणि तो निघाला. जाताना पाहुण्याचं हत्यार पाहुण्याला परत द्यायचं असतं, म्हणून हुनिदनं दारात दोन्ही धनुष्यं पुढे धरली. गोरोन्वीनं सवयीनं उजवा हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"राहू द्या, मावशी," तो म्हणाला. "लांब आहे ते उंच माणसाला द्या. आणि आखूड, कुणी मागितलंच तर, देऊन टाका."

तेव्हापासून मेलिर दारातच विचारतो. नाव काय, कुठला, दोन्ही हात पसर. पाहुणे रागावतात, काही पाय न धुताच परत फिरतात. आखूड धनुष्य आता आढ्यावर नसतं, दाराच्या आत खुंटीला असतं, हाताशी. अजून कुणी मागितलेलं नाही. दर शनिवारी मेलिर त्याला चरबी चोळतो. अंगठ्यानंच चोळतो, आणि त्या वेळी मेलिरच्या तोंडाकडे बघवत नाही.