प्रणालीच्या लांब नडग्या

"हिचं नाव कापा, मॅडम. पायात दमच नाही," बावनकर सर म्हणाले.

साकोलीच्या मैदानावर क्रीडा वसतिगृहासाठी मुलींची निवड चालू होती. सर धावण्याचे कोच, मी फिजिओथेरपिस्ट. पायांची ताकद मोजणं माझं काम. मुलगी टेबलावर बसते, मी तिच्या घोट्यावर पट्टा बांधते. ती पाय सरळ करायला जोर लावते आणि पट्ट्याला जोडलेला डिजिटल काटा किलोत आकडा दाखवतो. त्या आकड्यावर सर निम्म्या मुली घरी पाठवत. उरलेल्यांनाच पळायला मिळे.

सर जिचं नाव कापायला सांगत होते ती प्रणाली, काट्याच्या आकड्यात शेवटून दुसरी. उंच, सडपातळ. पुढच्या वर्षी ती निवडीच्या वयात बसणार नव्हती.

"मले अजून एक चान्स द्या ना, मॅडम."

"थांब. आधी तुझी नडगी मोजू दे."

भरलेली बादली अंगाशी धरा. मग हात लांब करून धरा. बादली तीच, पण दंड भरून येतो. लांब नडगीच्या टोकाला जोर लावताना तेच होतं. स्नायूची मेहनत तेवढीच, काट्यावर आकडा कमी. शिवाय पळताना प्रत्येकीला स्वतःचंच वजन ओढायचं असतं. म्हणून काट्याचा आकडा गुडघ्यापासून पट्ट्यापर्यंतच्या लांबीने गुणायचा आणि मुलीच्या वजनाने भागायचा.

"कायले एवढं गणित? काट्यावर दिसून राहिलं ना!"

सरांच्या घरची तुमसरला राइस मिल. मी विचारलं, "सर, धान घेताना नुसतं पोतं जड आहे का, एवढंच पाहता?"

"नाही बा. क्विंटलमागं तांदूळ किती निघते, ते पाहतो."

"मग इथं नुसतं पोतं काहून मोजून राहिले?"

मुली फिसकन हसल्या. सरही हसले, पण हरले नाहीत. "पळवूनच पाहू," म्हणाले.

मी सगळ्यांचेच आकडे नव्याने काढले. प्रणाली तिसरी आली. सरांनी तिला आपल्या यादीतल्या पहिल्या, चांगल्या दणकट मुलीशेजारी उभं केलं. शिट्टी वाजली. अर्ध्या अंतरापर्यंत दोघी बरोबर होत्या. मग त्या लांब पायांनी मैदान मारलं.

सरांनी स्टॉपवॉच दोनदा पाहिलं. "अरे बापा! लिहा मॅडम, हिचं नाव लिहा."

"कापलंच नव्हतं," मी म्हटलं.

प्रणाली आता वसतिगृहात आहे. सरांच्या बॅगेत शिट्टीसोबत मोजपट्टीही असते. काटा लावाल तेव्हा मोजपट्टीही लावा. दोन मिनिटं जातात, पोरीची संधी वाचते.